२३ तारखेची ती पाळी नव्हती

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी ३० वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे. मुलगी १४ महिन्यांची, सिझेरियननं झालेली, अजून रात्री अंगावर पिते. आम्ही निरोध वापरतो. १६ ऑगस्टच्या रात्री तो फाटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्टरांनी मेडिकलमधून ७२ तासांची गोळी आणली, मी लगेच घेतली. २३ तारखेला पाळी आली, तीन दिवस थोडं थोडं गेलं. सुटले म्हटलं. त्याआधीची पाळी ३ ऑगस्टची, आणि माझी पाळी एरवी २८-२९ दिवसांनी येते. पण दोन दिवस मळमळतंय म्हणून काल किट आणून बघितलं, तर दुसरी रेघ अगदी फिकी. जाऊबाई म्हणतात फिकी म्हणजे नाही. मिस्टर पुन्हा मेडिकलमध्ये जाऊन पाच गोळ्यांचं पाकीट घेऊन आले, बिल नाही. म्हणाले, ‘आत्ता तर पंधराच दिवस झालेत. घेऊन टाक, मोकळी हो.’ पाकीट पलंगाच्या ड्रॉवरमध्ये आहे. सासूबाईंना कळलं तर त्या ठेवायलाच लावतील. मला काय हवंय तेच मला कळत नाही. आधीच्या गोळीनं बाळात काही दोष आला असेल का? दवाखान्यात गेले तर नवऱ्याची सही, पोलीस असलं काही होतं का? गर्भपात आता बंद आहे ना?

एक वाचक, ८ सप्टेंबर

उत्तर

तुझं पत्र रात्री आलं आणि ‘ते पाकीट उघडू नकोस, सविस्तर लिहिते’ एवढी एक ओळ मी तुला लगेच पाठवली होती. बाकीचं इथं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण अशी पत्रं मला सारखी येतात, फक्त तारखा बदललेल्या असतात. आणि तुला ‘तू’च म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

तारखांपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या घरात सगळा घोळ तिथंच झालाय. २३ ऑगस्टला जे आलं ती पाळी नव्हती. ७२ तासांची गोळी म्हणजे एका संप्रेरकाचा एकदम दिलेला मोठा डोस. तो घेतल्यावर पुढच्या आठवड्याभरात थोडं अंगावरून जाणं अगदी नेहमीचं आहे. तीन दिवस, थोडं थोडं, आणि ते नेमकं गोळीनंतर सहाव्या दिवशी. तू स्वतःच सगळं लिहिलंयस, फक्त त्याला नाव चुकीचं दिलंस. त्या डागांना पाळी समजून सुटकेचा निःश्वास टाकलेल्या किती जणींना मी बाकावर समोर बसलेलं पाहिलंय! म्हणून गोळी घेतलेल्या प्रत्येकीला मी सांगते: अंगावरून गेलं तरी संबंधानंतर तीन आठवड्यांनी एक किट करायचंच.

तेव्हा मोजायचं ते ३ ऑगस्टपासून. डॉक्टर लोक दिवस धरतात ते शेवटच्या खऱ्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आला त्या रात्रीपासून नव्हे. त्या हिशेबानं तू पत्र लिहिलंस त्या दिवशी ३६ दिवस, म्हणजे पाच आठवडे आणि एक दिवस झाला होता. मिस्टरांचे ‘पंधरा दिवस’ हे २३ तारखेपासूनचे. तीन आठवड्यांचा हा फरक किरकोळ नाही. गोळ्यांनी करायच्या गर्भपाताची आपल्याकडची मुदत नऊ आठवडे, म्हणजे ६३ दिवस. ३ ऑगस्टपासून ती ५ ऑक्टोबरला संपते. २३ पासून मोजत बसली असतीस तर तुला वाटलं असतं २५ ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे, आणि प्रत्यक्षात तू तेव्हा बारा आठवड्यांच्या उंबरठ्यावर उभी असतीस. कॅलेंडरवर ३ ऑगस्टला गोल कर. कुणीही विचारलं की तीच तारीख सांगायची आणि २३ चं वेगळं सांगायचं.

आता फिकी रेघ. जाऊबाईंचं चुकलं. किटवर लिहिलेल्या वेळेत, साधारण पाच मिनिटांत, दुसरी रेघ उमटली तर ती फिकी असो की गडद, दिवस गेलेत असंच समजायचं. ती रेघ ज्या संप्रेरकामुळे उमटते ते सुरुवातीला कमी असतं, म्हणून रेघ फिकी. अर्ध्या तासानं, तासानं उमटलेली पुसट राखाडी रेघ मात्र धरायची नाही, ती बऱ्याचदा लघवी वाळल्याची खूण असते. तू किती वेळानं पाहिलंस ते लिहिलेलं नाहीस. म्हणून दोन दिवस मध्ये सोडून, सकाळच्या पहिल्या लघवीवर, घड्याळ लावून पुन्हा कर. मेडिकलमध्ये जायची लाज वाटत असेल तर गावातल्या आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं किट फुकट मिळतं. त्या कुठं बोलतील अशी भीती वाटत असेल तर तीही काही वेडी भीती नाही. मग शेजारच्या गावातलं मेडिकल.

गोळी घेऊनही असं कसं झालं? निरोध कापडासारखा उसवत नाही. कोरडेपणा, तेल किंवा व्हॅसलीन लावणं, उन्हात गाडीच्या डिकीत पडलेलं पाकीट, घाईत नख लागणं, यातलं काहीतरी असतं. आणि नेहमीच्या माणसांच्या नेहमीच्या वापरात, वर्षभर निरोधावर भिस्त ठेवणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी साधारण तेरांना दिवस जातात. तुम्ही काही जगावेगळा निष्काळजीपणा केलेला नाही. ७२ तासांची गोळी काम करते ती बीज बाहेर पडणं पुढं ढकलून. १६ तारीख म्हणजे तुझा चौदावा दिवस. बीज सुटायच्या बेतात असेल किंवा सुटलेलंच असेल, तर त्या गोळीला ढकलायला काही उरत नाही. ती गर्भपाताची गोळी नव्हे, म्हणूनच राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. बाळात दोष येईल ही भीती तू मनातून काढून टाक, मग निर्णय कोणताही होवो.

एक गोष्ट मेडिकलवाला कधी सांगत नाही, म्हणून इतर वाचकांसाठी: निरोध फाटल्यापासून पाच दिवसांच्या आत तांबी (कॉपर-टी) बसवून घेतली तर ती त्या गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची. शंभरात नव्याण्णवांहून जास्त जणींचं निभावतं, आणि पुढची काही वर्षं काळजी मिटते ती वेगळीच. सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवतात. आणि अंगावर पाजल्यानं दिवस जात नाहीत, हे अर्धं खरं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पूर्णपणे आईच्याच दुधावर, आणि पाळी अजून सुरू न झालेली, या तीनही अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तरच. तुझी लेक चौदा महिन्यांची, भातवरण खाते. तो विमा कधीच संपला.

आता ते पाकीट. पाच गोळ्या म्हणजे एक मिफेप्रिस्टोनची आणि चार मिसोप्रोस्टॉलच्या. औषध वाईट नाही, उलट ते उत्तम आहे. वेळेत आणि बरोबर पद्धतीनं दिलं तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणींमध्ये दुसरं काही करावं लागत नाही. पहिल्या गोळीनं गर्भाची वाढ थांबते, एक-दोन दिवसांनी घ्यायच्या चार गोळ्यांनी पिशवी आकुंचन पावून रिकामी होते. माझी तक्रार औषधाबद्दल नाही, ते तुझ्या ड्रॉवरमध्ये ज्या वाटेनं आलं त्या वाटेबद्दल आहे. हे डॉक्टरच्या चिठ्ठीनंच मिळायला हवं असलेलं औषध. तपासणीच्या धसक्यानं आपल्याकडचे बरेच दुकानदार ते ठेवतच नाहीत, आणि जे ठेवतात त्यातले काही मागच्या खणातून, बिलाशिवाय, दोन वाक्यांत समजावून देतात. तुझ्या दुकानदारानं २३ तारीख ऐकली आणि दिवस मोजले. त्यानं पोटात काय आहे ते पाहिलेलं नाही, तुझं हिमोग्लोबिन पाहिलेलं नाही, रक्तगट विचारलेला नाही.

पोटात काय आहे यापेक्षा ‘कुठं’ आहे हे मला आधी हवंय. क्वचित गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजतो. तिथं या गोळ्या काम करत नाहीत. पण गोळ्यांनी अंगावरून जातं, बाईला वाटतं झालं मोकळं, आणि इकडे नळीतला गर्भ वाढत राहतो, शेवटी नळी फुटते. तुझं सिझेरियन झालेलं आहे, त्या जुन्या टाक्यांच्या जागी गर्भ रुजणं हाही एक दुर्मीळ प्रकार असतो. सिझेरियन झालं म्हणून गोळ्या घेता येत नाहीत असं मुळीच नाही, फक्त आधी एक सोनोग्राफी झालेली बरी. तुझ्या तारखांनुसार १४ ते १८ सप्टेंबरच्या दरम्यान ती केलीस तर सहा आठवड्यांच्या पुढे असशील आणि पिशवीतला गर्भ नीट दिसेल. त्याआधी केलीस आणि ‘काही दिसत नाही, आठवड्यानं या’ म्हणाले तर घाबरू नकोस. गोळीमुळे बीज उशिरा सुटलं असेल तर दिवस कमीही भरतील. रक्ताची तपासणी दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा करायला सांगतील, ती कर.

पण एका बाजूला ओटीपोटात सणक, खांद्याच्या टोकाला दुखणं, उठताना भोवळ, यातलं काहीही झालं तर १४ तारखेची वाट बघायची नाही. रात्र असो, सासूबाई जाग्या असोत, थेट मोठा दवाखाना.

हिमोग्लोबिनचं मी उगीच म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यात तू बाळंतीण होऊन सव्वा वर्ष झालेली, अंगावर पाजणारी, सगळ्यांची ताटं वाढून शेवटी जेवणारी (हे तू लिहिलेलं नाहीस, मी अंदाज करतेय). गोळ्यांनी जाणारं रक्त पाळीपेक्षा जास्त असतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, दीर्घकाळ स्टिरॉइड असेल, आत तांबी असेल, तर ते डॉक्टरला आधी सांगावं लागतं.

तू विचारलेल्या सही-पोलिसांकडे येते. गर्भपात आपल्याकडे बंद नाही. १९७१ पासून कायदेशीर आहे. तुझ्या मनात जो ‘बंद’ आहे तो गर्भलिंगनिदानाचा, १९९४ चा वेगळा कायदा. सोनोग्राफीच्या खोलीबाहेरची पाटी त्याची. मुलगा-मुलगी बघणं गुन्हा आहे, नको असलेलं गर्भारपण थांबवणं गुन्हा नाही, आणि पाटी वाचून वाचून लोकांनी दोन्ही एकच करून टाकलंय. सोनोग्राफीला ओळखपत्र मागतील, फॉर्म भरून घेतील, भरायचा.

तुझा प्रसंग तर कायद्यात शब्दशः लिहिलेला आहे. मूल होऊ नये म्हणून वापरलेलं साधन निकामी ठरलं आणि दिवस गेले, तर त्यामुळे होणारा मनस्ताप हा स्त्रीच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानता येतो, हे १९७१ च्या मूळ कायद्यातच होतं. तेव्हा शब्द होते ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’; २०२१ च्या दुरुस्तीनं ते ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे झाले. त्यामुळे लग्न न झालेल्या ज्या मुली हे वाचताहेत, त्यांनाही हे लागू आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. अठरा वर्षांवरच्या स्त्रीची स्वतःची सही, बस्स. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आईचीसुद्धा नाही. तरी काही दवाखाने नवऱ्याची सही मागतात, ती त्यांची आपली सोय. मागितली तर शांतपणे विचारायचं, ‘हे कायद्यात कुठं आहे?’ आणि उत्तर आलं नाही तर दुसरा दवाखाना. पोलिसांचा इथं काही संबंध नाही. तुझं नाव बाहेर सांगणं हाच मुळी गुन्हा आहे, त्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

फक्त डॉक्टर कोण ते बघ. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा यासाठी प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर हवा. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरांना याचा अधिकार नाही, ते कितीही चांगले असोत. जिल्हा रुग्णालयात हे फुकट होतं. खासगीत गेलीस तर सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं, ते नजरेनं शोध.

मुंबईत १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. याच विषयापायी प्राध्यापकाची नोकरी गेली. आज शंभर वर्षं उलटून गेलीत आणि एका शिक्षिकेच्या घरी ही गोष्ट अजून ड्रॉवरमध्ये आहे. असो, हा माझा जुना राग, तुझ्यावर काढण्याचा नाही.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात खरं वाटलेलं वाक्य होतं, ‘मला काय हवंय तेच कळत नाही.’ त्याभोवती मिस्टरांचं ‘मोकळी हो’ आणि सासूबाईंचं ‘ठेव’ (जे त्या अजून बोललेल्याही नाहीत!) यांची एवढी गर्दी झालीय की ते वाक्य कुणी ऐकलेलं दिसत नाही. मिस्टर वाईट नाहीत, भर संध्याकाळी दोनदा मेडिकलमध्ये गेले. आपल्याकडचे किती पुरुष जातात? पण घाई त्यांना त्यांच्या भीतीनं लागलीय. तुझ्याकडे ५ ऑक्टोबरपर्यंतचा अवधी आहे. त्यातले आठ-दहा दिवस सोनोग्राफीची वाट बघण्यात जाणारच आहेत, ते तुझे.

ठेवायचं ठरवलंस तर: दोन बाळंतपणांत अंतर हवं ते आईच्या अंगासाठी. बाळ दोन वर्षांचं झाल्यावर पुढचे दिवस राहावेत असा सल्ला जागतिक आरोग्य संघटना देते. तू चौदा महिन्यांवर आहेस. आदर्श नाही, पण अनर्थही नाही; सिझेरियनमुळे बाळंतपण मोठ्या दवाखान्यात व्हायला हवं आणि डॉक्टरला पहिल्याच भेटीत मागच्या सिझेरियनची तारीख सांगायची. फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून सुरू कर, निर्णय नंतर झाला तरी ती वाया जात नाही. लेकीला अंगावर पाजणं एकदम तोडायची गरज नाही.

नको ठरवलंस तर दोन वाटा. गोळ्या, घरी, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. चार गोळ्या घेतल्यावर काही तासांत कळा येतात, गाठी जातात, हुडहुडी भरू शकते. त्या दिवशी घरात कुणीतरी हवं आणि लेक दुसऱ्या कुणाकडे. पुढे दहा-बारा दिवस थोडं थोडं जात राहतं. तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, ताप उतरत नाही, घाण वास येतोय, यातलं काही झालं की फोन नाही, दवाखाना. पंधरा दिवसांनी दाखवायला जायचंच. पहिली गोळी घेऊन मन बदललं तर डॉक्टरला त्याच दिवशी कळव. पुढच्या चार गोळ्या घेऊनही गर्भ राहिला तर त्यात दोष येऊ शकतो, म्हणून अर्धवट सोडून घरी बसायचं नाही.

दुसरी वाट म्हणजे लोक ज्याला ‘पिशवी साफ करणं’ म्हणतात ती. आता खरवडायची जुनी पद्धत सोडून द्यायला हवी. हलक्या दाबानं ओढून घेतात, पाच-दहा मिनिटांचं काम, बारा आठवड्यांपर्यंत करता येतं. ‘व्हॅक्यूमनं करता ना?’ असं विचारायला लाजू नकोस. एकाच दिवसात संपतं, आणि हवी असेल तर तांबी तिथल्या तिथं बसवून मिळते. घरात लपवून दहा दिवस रक्तस्राव काढणं ज्यांना जमणार नाही त्यांना ही वाट सोपी पडते. वेळेत आणि नीट केलेल्या गर्भपातानं पुढं मूल होत नाही, ही फक्त भीती आहे. पपई, तीळ, ओव्याचा काढा यांनी मात्र खरोखरच काही होत नाही, पित्त सोडून.

निर्णय कोणताही असो, त्यानंतर काय वापरणार ते त्याच भेटीत ठरव. गर्भपातानंतर आठ-दहा दिवसांत पुन्हा बीज सुटू शकतं, पाळीची वाट ते बघत नाही. तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’च्या आठवड्याच्या गोळ्या, सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे. तुझ्यासारख्या धावपळीच्या आईला मी तांबीच सांगेन. रोज आठवण ठेवायची गोष्ट तुझ्या यादीत आणखी एक नको.

सासूबाईंना सांगायचं की नाही, यावर माझं मत मागितलेलं नाहीस, पण देते: सोनोग्राफी होईपर्यंत तरी नको. ज्या गोष्टीचा तुलाच थांग नाही तिच्यावर घरात मतदान कशाला?

आणि तो ड्रॉवर. पलंगाचा म्हणजे खालचा ना? तुझी लेक चौदा महिन्यांची, धरून धरून उभी राहत असणार, हाताला लागेल ते ओढून तोंडात घालत असणार. पाकीट आत्ता उठून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेव. दवाखान्यात जाशील तेव्हा पिशवीत टाकून ने आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवून सांग, हे असं आणलं होतं. ते त्यावरची तारीख बघतील.